‘नको’ म्हटल्यावर पुढे काय होतं?

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्या कोल्हापुरात पाहुणा जेवायला बसला की आग्रह ठरलेलाच. तांबडा संपला की पांढरा, भाकरी अर्धी राहिली की दुसरी ताटात. पण पाहुण्यानं वाटीवर हात आडवा धरला की वाढणारी थांबते. ‘आमच्या घरचं गोड लागलं नाही वाटतं’ म्हणून ती दोन दिवस अबोला धरत नाही. आज मी ज्या आत्मकेंद्री माणसांबद्दल बोलणार आहे, ती या ठिकाणी थांबत नाहीत.

ती ओळखू येत नाहीत, कारण सुरुवातीला फार आवडतात. बोलणं गोड, चारचौघांत रुबाब, मंडळाच्या कामात पुढे. घरच्यांनी काही तक्रार केलीच, तर ऐकणाऱ्याला पटतही नाही.

एक प्रसंग सांगते, कुणा एकाचा नाही, अनेक घरांत घडणारा. नवरा म्हणतो, “तुझ्या फोनचा पासवर्ड सांग. आपल्यात लपवण्यासारखं काय आहे?” ती म्हणते, “लपवायचं काही नाही, पण मैत्रिणी मला विश्वासानं काहीबाही लिहितात, ते राहू दे.” झालं! जेवण बंद, बोलणं बंद. मग तिच्या आईला फोन, “तुमच्या मुलीचा माझ्यावर विश्वासच नाही.” तिसऱ्या दिवशी आई लेकीला समजावते. चौथ्या दिवशी ती पासवर्ड देते, आणि वर “माझं चुकलं” म्हणते.

इथं जरा थांबूया. हद्द ओलांडायला निघाला तो, आणि माफी मागितली तिनं. ही उलटापालट एखाद्या वेळी झाली, तर भांडण म्हणून सोडून देता येईल. पण दर वेळी शेवट असाच होत असेल, तर माझ्या मते याच्याइतकी स्पष्ट खूण दुसरी नाही.

हे फक्त नवरेच करतात असंही नाही. लग्न झालेल्या मुलाच्या खोलीत न विचारता कपाट लावणारी आई असते. तो काही बोलला की तिचा रक्तदाब वाढतो, आणि तिनं त्याच्यासाठी काय काय सोसलं याची उजळणी होते. रात्री अकराला काम सांगणारा आणि सकाळी तेच काम स्वतःच्या नावावर खपवणारा साहेब असतो. सगळेच काही मोठ्या आवाजात बोलत नाहीत. काही जण सतत दुखावलेले असतात. त्यांना जपता जपता घरातल्या बाकीच्यांना आपलं दुःख बोलायला जागाच उरत नाही.

मोबाइलवरचे व्हिडिओ पाहून हल्ली कुणालाही पटकन ‘नार्सिसिस्ट’, म्हणजे स्वतःच्याच प्रेमात बुडालेला, म्हटलं जातं. तो घाईचा शिक्का टाळा. मानसोपचारात याच नावाचा एक व्यक्तिमत्त्व विकार आहे, आणि त्याचे नऊ निकष मानले जातात. त्यांतले किमान पाच लागू असावे लागतात, आणि हे वागणं तरुणपणापासून, आयुष्याच्या वेगवेगळ्या क्षेत्रांत दिसावं लागतं. हे ठरवणं तज्ज्ञांचं काम. स्वतःचं घोडं पुढे दामटणं थोडंफार आपल्या सगळ्यांतच असतं. फरक नंतर दिसतो. साध्या माणसाला सांगितलं की तो ओशाळतो आणि पुढच्या वेळी सांभाळतो. दुसरा माणूस तुमच्यावरच खटला चालवतो. शिवाय तुम्हाला होणारा त्रास खरा ठरायला त्याच्या आजाराचं नाव ठाऊक असावं लागत नाही.

मग करायचं काय? हद्द सांगताना आपण काय करणार तेवढं सांगा. “रात्री दहानंतर मी फोन उचलणार नाही.” एवढंच. दहा कारणं दिलीत तर दहा वाद होतील. आधी दबाव वाढेल हे धरून चला. आजवर रुसून जे मिळत होतं, ते मिळवायला माणूस आणखी जोरानं रुसतो. मात्र मारहाणीची, जिवाची भीती असेल, तर एकटीनं समोर उभं राहू नका. आधी सुरक्षित जागा आणि सोबत बघा, आणि 112 वर फोन करा.

नातेवाइकांनाही मला कळकळीनं सांगायचं आहे. “आवं, त्यो तसाच हाय, पण मनानं लई चांगला हाय,” हे वाक्य कृपा करून सोडून द्या. धीर करून बोलायला आलेली बाई ते ऐकून कायमची गप्प होते. छत्रपती शाहू महाराजांनी आपल्या करवीर संस्थानात स्त्रियांना क्रूरपणे वागवण्याविरुद्ध 1919 साली कायदा केला होता. आज 2005चा घरगुती हिंसाचार कायदा शाब्दिक, भावनिक आणि आर्थिक छळालाही हिंसाचारच मानतो. घरखर्चाला पैसे न देणं, सतत अपमान करणं हेही त्यात येतं.

स्त्रियांसाठी 181 ही हेल्पलाइन आहे. मनाच्या त्रासासाठी, स्त्री असो वा पुरुष, टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचा क्रमांक आहे 14416. तो दिवसरात्र चालतो आणि मराठीतही बोलता येतं. पुन्हा सांगते, एक चार चार एक सहा. फोन लावल्यावर समोरचा माणूस कसा आहे हे सिद्ध करत बसू नका. काल घरात काय घडलं, तिथून सुरुवात केली तरी चालते.

नमस्कार.