जादूगाराच्या घरचे नोकर

कार्यक्रमपत्रिकेवर माझ्या नावापुढे ‘तुलनात्मक आढावा’ असं छापलंय. शब्द संयोजकांचे आहेत, माझे नाहीत. पण छापून आलं म्हटल्यावर निभवावं लागणार. विषय असा की ‘हिरोज ऑफ माइट अँड मॅजिक’ या कॉम्प्युटरवरच्या लढायांच्या खेळाचे सात भाग आले, १९९५ पासून २०१५ पर्यंत, त्यांत जादूगारांचा पक्ष कसकसा बदलत गेला. समोर बघतोय तर निम्म्या मंडळींनी तिसऱ्या भागापायी दहावीचे मार्क घालवलेले दिसतात, आणि उरलेले निम्मे त्यांना बघायला आलेले पालक. त्यामुळे हिरो म्हणजे काय, चाल म्हणजे काय, हे सांगत बसत नाही. पालकांनी शेजारच्याला विचारावं, तो सांगेल. थांबायचाच नाही, ही पंचाईत.

मला खरं तर एकच गोष्ट सांगायचीय, गेली काही वर्षं भेटेल त्याला सांगतोय, आता घरचे ऐकत नाहीत म्हणून इथे आलोय. विझार्डचं, म्हणजे जादूगाराचं, गाव हे जादूचं गाव नाहीच. ते मालक आणि नोकरांचं गाव आहे. ज्या भागात खेळ बनवणाऱ्यांना हे कळलं तिथे हा पक्ष जमला, आणि जिथे विसरले तिथे तो फसला.

तिसरा भाग घ्या, १९९९चा. त्यात या गावाचं नाव टॉवर, बर्फातलं, ब्राकाडा नावाच्या देशातलं. तिथल्या इमारतींची नावं वाचा. फौजेसाठी ग्रेमलिन मिळतात त्या जागेचं नाव वर्कशॉप. गोलेम मिळतात तिथे गोलेम फॅक्टरी. यादी वाचताना वाळूज एमआयडीसीच्या फाटकावरचा बोर्ड वाचल्यासारखं वाटतं. ग्रेमलिन म्हणजे वर्कशॉपातले पोरगे. गार्गॉईल म्हणजे दगड कोरून उठवलेला पहारेकरी. गोलेम म्हणजे घडवलेला चालता पुतळा, आधी दगडाचा, मग लोखंडाचा. जिन कुठे मिळतो, तर इच्छांच्या वेदीवर. म्हणजे तोही कुणाच्या तरी हुकुमात अडकलेला. आणि ज्याच्या नावाने हे गाव चालतं तो जादूगार, मेज, कुठे आहे? फौजेच्या सात पायऱ्यांत चौथ्या. बरोबर मधोमध, खाली घडवलेले आणि वर अडकवलेले. हे ज्याने कागदावर मांडलं त्याला माझा नमस्कार.

आणि एक बारकावा आहे, खेळणाऱ्यांच्याही लक्षात येत नाही. या खेळात मोराल असतं. फौज खुश असली तर एखादी तुकडी जास्तीची चाल मिळवते, नाराज असली तर हातची चाल गमावते. गोलेम आणि गार्गॉईल यांना मोरालच नाही. चांगलंही नाही, वाईटही नाही. तुमच्या हिरोने, म्हणजे सेनापतीने, नेतृत्वाचं कौशल्य कितीही वाढवलं तरी गोलेम तसाच चालत राहतो. पण ग्रेमलिनला मोराल आहे. तीस सोन्याला मिळणाऱ्या, चार प्राणांच्या त्या पोराला सुखदुःख आहे, आणि त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या लोखंडाला नाही. हे लक्षात ठेवा, शेवटी लागेल. शेवटापर्यंत पोचलो तर.

आता आमच्या लातूरच्या एका मित्राबद्दल सांगतो. नाव सांगत नाही, तो आता बँकेत मोठा साहेब आहे. ट्यूशन सुटली की आम्ही नेट कॅफेत जायचो. एकाच कॉम्प्युटरवर चौघं, हॉट सीट. एकाने आपली चाल खेळायची, मग खुर्ची सोडायची आणि बाकीच्यांनी भिंतीकडे तोंड करायचं. मालकाचा नियम कडक होता: तासाचे पैसे आधी, आणि लाईट गेली तर परत नाहीत. त्या काळी लाईट जाणं हे आमच्याकडे पंचांगात लिहिल्यासारखं होतं, म्हणजे पंचांगात चूक व्हायची, लाईट जाण्यात नाही. हा मित्र कायम टॉवर घ्यायचा. हिरो सॉलमिर. आणि गावात बसून राहायचा. खाण नाही, लढाई नाही, काही नाही. तुझ्या दारात माझे ऑर्क आलेत रे, म्हटलं की एकच उत्तर: “थांब ना जरा, टायटन यायलेत.”

टायटन म्हणजे ३०० प्राण, लांबून वीज फेकणारा, किंमत ५००० सोनं आणि वर दोन रत्नं. आठवड्याला मिळणार एक. किल्ला पूर्ण बांधला तर दोन. त्यासाठी हा गडी सोमवारची वाट बघायचा आणि लाईट सोमवार यायच्या आत जायची. एकदा तर टायटन विकत घ्यायच्या बटणावर बोट ठेवलेलं असताना गेली. त्याचा आजही आरोप आहे की माझे मामा लाईट ऑफिसात होते. होते, पण ते बिलं वाटायचे.

तर हा मित्र लढायचा कसा, ते बघण्यासारखं होतं. हिरोजवळ सात जागा. एकात टायटन, एकात गोलेम, एकात मेज. उरलेल्या चारही जागांत एकेक ग्रेमलिन. एकच. समोरचा शत्रू एका फेरीत एकदाच उलटा वार करतो, हे तुम्हाला माहीत आहे. म्हणून हा आधी एक ग्रेमलिन पुढे पाठवायचा. ग्रेमलिनने टिचकी मारायची, शत्रूने त्याला चिरडायचं, शत्रूचा उलटा वार संपला; मग मागून गोलेमने निवांत जाऊन हाणायचं. चारदा हेच. मी म्हटलं, अरे, तो मरतोय. म्हणाला, “मरू दे की. तिसाचा तर आहे.” हिशोब त्याचा बरोबर होता. एका टायटनच्या सोन्यात १६६ ग्रेमलिन येतात. आणि लढाई हरायला आली की सॉलमिर पळून जायचा. या खेळात हिरो पळाला की त्याची उरलेली फौज तिथेच संपते, आणि तोच हिरो पुढे टॅव्हर्नमध्ये २५०० सोन्याला परत मिळतो. हे सगळ्याच पक्षांना लागू आहे, मान्य. पण टॉवरमध्ये ते जास्त शोभून दिसतं.

(हशा.) पालक हसले, म्हणजे मुद्दा पोचला.

आता माझी खरी तक्रार. तिसऱ्या भागात सहाव्या पायरीवर नाग आहे. अर्धी बाई, अर्धा साप, अनेक हातांत तलवारी, आणि तिने वार केला तर समोरच्याला उलटा वार करता येत नाही. उत्तम प्राणी. पण तो या गावात काय करतोय? तो कुणी घडवलेला नाही, दिव्यात अडकवलेला नाही. सोनेरी मंडपात राहतो म्हणे. औंढ्याला नागनाथाच्या देवळात जाऊन आलेल्या माणसाला विचारा, नाग पगारी नोकरी करेल का? पाचव्या भागात, २००६ला, ‘नायव्हल’ या रशियन कंपनीने नाग काढला आणि त्या जागी कोण बसवला, तर राक्षस. आधी राक्षस राणी, ती सुधारली की राक्षस राजा. पुढच्या वर्षीच्या पुरवणीत आणखी एक, राक्षस क्षत्र. आम्ही स्क्रीनवर वाचलं आणि आधी छाती फुगली, आपला माणूस आला म्हणून. मग चित्र बघितलं. तोंड वाघ-मांजराचं. हे वाघतोंड्या राक्षसाचं प्रकरण सत्तरच्या दशकात ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळातून आलं, आणि तेव्हापासून ज्याला राक्षस हवा तो तिथूनच उचलतो. आपल्याकडे यायची कुणी तसदी घेतली नाही.

आले असते तर आपल्या मराठवाड्यातच वेरूळ आहे हो! लेणं सोळा, कैलास. दक्षिणेच्या अंगाला या. खाली रावण, खोल कोनाड्यात, सगळे हात पसरून डोंगर हलवतोय. वर शंकर निवांत बसलाय, नुसत्या अंगठ्याने डोंगर दाबतोय. पार्वती घाबरून त्याला बिलगलीय. आणि मागे, सहसा कुणी बघत नाही, गाईडसुद्धा पुढे सरकतात, तिथे एक दासी आहे. ती पळून चाललीय. पाठ फिरवून, पूर्ण वेगात. मालकीण तिथेच आहे, देव तिथेच आहे, पण जमीन हलली म्हटल्यावर दासी थांबलेली नाही. ज्या कारागिराने हे कोरलं त्याला माहीत होतं की नोकराला स्वतःचा जीव असतो. आणि राक्षस म्हणजे काय हेही माहीत होतं: तो डोंगर स्वतःच्या हौसेने उचलतो, कुणी आठवड्याच्या सोमवारी विकत घेतला म्हणून नाही. असा रावण तुम्ही जादूगाराच्या पगारपत्रकावर चढवलात आणि कारण म्हणून एक ओळ खर्च केली नाहीत. माझी तक्रार तोंडाबद्दल नाही. वाघाचं ठेवा, बैलाचं ठेवा. तो तिथे नोकरी का करतोय, तेवढं सांगा.

चिठ्ठी आलीय. दहा मिनिटं. आणि तुलनात्मक आढावा अजून सुरू व्हायचाय. बरं.

पहिल्या भागात, १९९५, विझार्ड नव्हताच. नाइट, बार्बेरियन, सॉर्सरेस, वॉरलॉक, संपलं. १९९६ला दुसऱ्या भागात विझार्ड आणि नेक्रोमॅन्सर एकदमच आले. पण विझार्डची फौज म्हणजे भंगारबाजार: हाफलिंग, रानडुक्कर, लोखंडी गोलेम, रॉक पक्षी, मेज, वर जायंट आणि टायटन. एकेक प्राणी चांगला आहे, टायटन तर तेव्हापासूनच वीज फेकतो, पण रानडुक्कर आणि मेज एका छपराखाली का, याला उत्तर नाही. मालक आहे, नोकर भरती झालीय, धंदा काय ते ठरलेलं नाही. एक चीज मात्र पक्की होती: लायब्ररी बांधली की जादूच्या शाळेत प्रत्येक पातळीवर एक मंत्र जास्त. ती तिसऱ्यानेही ठेवली.

तिसरा झाला. फक्त एवढं: त्याच वर्षी आलेल्या ‘माइट अँड मॅजिक’ या मूळ, वेगळ्या मालिकेच्या सातव्या भागात हाच ब्राकाडा चक्क वाळवंट आहे, वर ढगात सेलेस्ट शहर. बर्फ खरा की वाळू, यावर चहाच्या वेळी भांडू.

चौथा भाग, २००२. इथे जादूचे पाच पंथ केले आणि टॉवरची अकॅडमी झाली, ऑर्डर पंथाची. प्राण्यांचे अपग्रेड काढून टाकले आणि दुसऱ्या पातळीपासून पुढे दोघांतला एक निवडायला लावला. दुसऱ्या पातळीवर मेज किंवा सोन्याचा गोलेम. लक्षात घ्या काय केलं ते! मेज नको म्हणून गोलेम घेता येतो, म्हणजे जादूगारांच्या गावाच्या फौजेत औषधालाही जादूगार नाही. लोक या भागाला शिव्या देतात, पण नोकरांनी मालकाला बाहेर बसवलंय असं गाव फक्त इथेच उभं करता येतं. मला तो आवडतो. एकटा असलो तरी.

२००३ला हा खेळ काढणारी जुनी कंपनी बुडाली, हक्क युबिसॉफ्ट कंपनीकडे गेले, आणि पाचव्यात अकॅडमी पुरती वाळवंटात आली: घुमट, मिनार, रजत नगरं. राक्षस सोडला तर इथे माझा सिद्धांत सगळ्यात उजळ दिसतो. मास्टर ग्रेमलिन मोडलेला गोलेम लढाईत दुरुस्त करतो, म्हणजे वर्कशॉपातला पोरगा खरोखर वर्कशॉपातलं काम करायला लागला. हिरो खनिज, पारा, रत्नं खर्चून आपल्या तुकड्यांसाठी छोट्या वस्तू घडवतो. आणि कथेत तर उघडच सांगितलंय की ऑर्क या जादूगारांनी तयार केले, माणसांत सैतानी रक्त मिसळून, स्वतःच्या लढाया लढायला. ते पुढे उलटले. नोकर उलटल्याची गोष्ट ही, पण तीही इतिहास म्हणून सांगितलेली, पाचव्याच्या पटावर घडत नाही.

सहाव्यात, २०११ला, अकॅडमीच नाही. नाग मात्र आहे, स्वतःचं गाव घेऊन, पाण्याकाठी, जपानी थाटात. नोकराने स्वतःचं दुकान टाकलं आणि मालक गायब! बनवणाऱ्यांच्या ते ध्यानात आलं असेल असं वाटत नाही. सातव्यात, २०१५ला, अकॅडमी परत: ग्रेमलिनच्या जागी कबिर, इराणी गोष्टींतला सिमर्ग पक्षी, राक्षस आहेच. देखणी आहे. नवं काही नाही.

दोन मिनिटं राहिलीत, तर मागणी सांगून टाकतो. मोराल आधीपासून या खेळात आहे, यंत्रणा तयार आहे. विझार्डच्या गावात ती नोकरांवर लावा. पुढे पाठवून किती ग्रेमलिन मारले याचा हिशोब ठेवा, आणि एका सोमवारी वर्कशॉप बंद राहू द्या. गोलेम येतील, त्यांना काही वाटत नाही. पण त्यांना दुरुस्त करायला कोणी नसेल. मग टायटन परवडतो का, हे मेजने बसून मोजावं. माझा बँकवाला मित्र म्हणतो, असा खेळ कुणी विकत घेणार नाही. तो तिसऱ्या रांगेत बसलाय. प्रश्नोत्तरांत पहिला हात त्याचाच वर येईल, त्याला माईक देऊ नका.