पेठेत गाव, गावात शहर

नमस्कार मंडळी, बरं हाय न्हवं सगळं? आज विषय जरा पुस्तकी आहे, पण चॅनेल बदलू नका, बोलणार आपल्या कोल्हापूरबद्दलच.

1887 मध्ये फर्डिनांड टोनीज नावाच्या जर्मन अभ्यासकानं मांडलं, की माणसं दोन तऱ्हेनं एकत्र राहतात. एक समुदाय, म्हणजे नातं, शेजार, भावकी, जिथं तुम्ही कुणाचे कोण हे जन्मायच्या आधीच ठरलेलं. आणि दुसरा समाज, म्हणजे पगार, भाडं, करार, कामापुरती ओळख. मग लोकांनी सोपं करून टाकलं, गाव म्हणजे माया आणि शहर म्हणजे कोरडेपणा, आपल्या निम्म्या मराठी पिक्चरची स्टोरी ह्याच्यावरच चाललीय.

पण गंमत ऐका. मेक्सिकोत तेपोझ्त्लान म्हणून गाव आहे. रॉबर्ट रेडफील्ड नावाचा अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ तिथं राहून आला, 1930 ला पुस्तक काढलं, गावात कसा एकोपा आहे वगैरे. पुढं ऑस्कर लुईस नावाचा दुसरा अभ्यासक त्याच गावात गेला, त्याचं पुस्तक आलं 1951 ला, आणि त्याला दिसले जमिनीचे तंटे, हेवेदावे, गरिबी, एकमेकांवरचा संशय. मधे वर्षं गेली, गाव थोडं बदललं असेल, मान्य, पण नुसतं तेवढंच नाही, एकानं जत्रा बघितली आणि दुसऱ्यानं बांधावरची भांडणं, असंच मला वाटतं. आपल्याकडं दोन्ही असतंय की, एकाच घरात.

आता आपलं शहर घ्या. शिवाजी पेठेत नाहीतर मंगळवार पेठेत नवीन माणूस शिरला की पहिला प्रश्न काय? "कुणाच्यातलं रं तू?" पोरगं कुठल्या तालमीचं, फुटबॉलमध्ये कुणाला सपोर्ट करतंय, ह्याच्यावर त्याचं निम्मं आयुष्य ठरतंय. कितीतरी तालमीत गणपती बसतो आणि मोहरमला पंजाही बसतो, 2018 आणि 2019 ला दोन्ही सण एकत्र आले तेव्हा दोन्ही शेजारी-शेजारी बसले, वर्गणी एकच. लुई वर्थ ह्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं 1938 मध्ये लिहिलं होतं की शहर मोठं, दाट आणि सरमिसळ झालं की ओळखी वरवरच्या होतात, तो शिकागोत बसून लिहीत होता, त्यानं गंगावेशीत दुधाच्या कट्ट्यावर एक संध्याकाळ घालवायला पाहिजे होती.

आणि शहरातलं हे गावपण उगाच आलेलं नाही. शाहू महाराजांनी 1901 पासून बोर्डिंगं, म्हणजे विद्यार्थ्यांची वसतिगृहं, उभी केली, मराठा, जैन, लिंगायत, मुस्लिम, अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. दसरा चौकात उभं राहिलात की त्यातल्या काही इमारती अजून दिसतात. खेड्यातलं पोरगं शहरात आलं ते जातीचं बोट धरून, आणि शिकून वकील, मास्तर, अंमलदार झालं. म्हणजे टोनीजच्या समुदायातूनच त्याच्या समाजात जायचा रस्ता निघाला, पुस्तकात ह्या दोन गोष्टी समोरासमोर असतात, इथं एकीनं दुसरीला खांदा दिला.

पण मायेचं फार कौतुक करायला मी तयार नाही. बारा बलुतेदारांचा गावगाडा चालायचा तो सगळ्यांना धरूनच, पण काहींना गावकुसाबाहेर धरून. 4 नोव्हेंबर 1948 ला संविधान सभेत बाबासाहेब आंबेडकरांनी गावाला संकुचितपणाचं आणि अज्ञानाचं ठिकाण म्हटलं, आणि संविधानाच्या मसुद्यानं गाव सोडून व्यक्ती हा घटक धरला ह्याचा आनंद आहे असंही सांगितलं. आज गावात सकाळी दूध डेअरीत जाऊन बघा. किटली ओतली, वजन झालं, मशीननं फॅट दाखवली, पावती निघाली, पुढचा. पाटलाची म्हैस असू दे नाहीतर भूमिहीन बाईची, आकडा तोच. कोरडा व्यवहार आहे, पण ज्या बाईला आयुष्यभर मायेचा गावगाडाच बघायला मिळाला तिला विचारा हा कोरडेपणा कसा लागतो. आणि इकडं पेठेत भाड्यानं खोली मागायला जावा, आडनाव ऐकल्यावर "बघतो, कळवतो" म्हणणारे घरमालक काय कमी नाहीत.

आणि एक माणूस ह्या सगळ्यात कुठंच बसत नाही. ऊसतोडीची टोळी. बीडकडनं येतात, मुकादमाकडनं उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली, नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, गावाबाहेर खोपी घालून चार-पाच महिने राहतात. काम करारावर, पण टोळी बहुतेक भावकीतली. गावातच असतात, पण गावच्या पंगतीत त्यांचं पान नसतंय. त्यांच्यावर बोलायला आजची वेळ पुरणार नाही, काचेपलीकडनं हात दाखवायला लागलेत, तेव्हा पुढच्या भागात तिथनंच सुरू करू. येतो मंडळी.