हँगिंग गार्डनमधली कुस्ती

(दृश्य : मलबार हिल, सकाळ. हँगिंग गार्डनमध्ये फिरायला आलेली माणसं. रस्त्यापलीकडे म्हातारीच्या बुटाकडे पळणारी मुलं.)

नोव्हेंबर १८९९. ह्याच बागेत एक कुस्ती झाली. पुंडलिकदादा विरुद्ध कृष्णा न्हावी. मुंबईत तेव्हा कुस्त्यांना तोटा नव्हता. पण ह्या कुस्तीसमोर एक लाकडी पेटी मांडलेली होती. पेटीचं हँडल फिरवत होते हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर. मुंबई त्यांना सावेदादा म्हणायची.

भारतीय माणसानं भारतात टिपलेल्या पहिल्यावहिल्या चित्रफितींमध्ये ह्या कुस्तीचं नाव अगदी वर येतं. कलकत्त्याचे हिरालाल सेन आधी की सावेदादा, हा वाद अभ्यासकांनी खुशाल घालावा. आमची अडचण वेगळी आहे. आम्ही सावेदादांवर माहितीपट करतोय आणि त्यांनी टिपलेली एकही चित्रफीत आज शिल्लक नाही.

(दृश्य : काळा घोडा. वॉटसन हॉटेलची लोखंडी सांगाड्याची इमारत.)

ही इमारत इंग्लंडात ओतलेल्या लोखंडाची. तिचे भाग बोटीतून मुंबईत आणून जोडले. ७ जुलै १८९६ रोजी इथं सिनेमाचं यंत्र काढणाऱ्या फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंच्या माणसानं सहा छोट्या फिती दाखवल्या. स्टेशनात शिरणारी आगगाडी, कारखान्यातून सुटणारे कामगार, पाडली जाणारी भिंत, समुद्रातली आंघोळ. तिकीट एक रुपया. आठवड्याभरातच खेळ नॉव्हेल्टी थिएटरात गेले. तिथं चार आण्यांपासून दोन रुपयांपर्यंत दर लागले आणि गोषातल्या बायकांसाठी वेगळ्या बैठका ठेवल्या गेल्या. करमणुकीच्या धंद्यातल्या लोकांना मुंबई ओळखायला आठवडा पुरला म्हणायचा.

सावेदादा मुळात फोटोग्राफर, स्वतःचा स्टुडिओ असलेले. हे खेळ पाहून लोक थक्क होऊन घरी गेले. ह्या गृहस्थांनी ब्रॅडफर्डच्या रायली ब्रदर्सकडून कॅमेराच मागवला. किंमत २१ गिनी. एक गिनी म्हणजे एक पौंड एक शिलिंग, आणि पौंडाला पंधरा रुपये धरले तर हिशेब होतो साधारण ३३० रुपये. वॉटसनमधला खेळ त्या पैशात तीनशे तीस जणांना दाखवता आला असता. मागे सरकार नाही, संस्थानिक नाही, कंपनी नाही. स्वतंत्र माहितीपट करणाऱ्यांना निधीच्या अर्जात "प्रकल्पाचं आर्थिक पाठबळ" असा एक रकाना भरावा लागतो. सावेदादांनी तो कसा भरला असता, ह्याची आम्हाला भारी उत्सुकता आहे.

(दृश्य : कोल्हापूरची एक तालीम. लाल मातीच्या हौदात दोन पोरं खडाखडी करतायत. पडद्याच्या कोपऱ्यात घड्याळ.)

आता हे बघा. त्या काळच्या एका रिळात जेमतेम मिनिटभराचं चित्र मावायचं. कॅमेरा तिकाटण्यावर खिळलेला, हाताच्या गतीनं चालणारा. आणि समोर कुस्ती. सलामी, शड्डू, मग खडाखडी. पैलवान एकमेकांचा अंदाज घेत नुसते फिरत राहतात. एका मिनिटात अजून काहीच घडलेलं नाही. लवकर हँडल फिरवलं तर रीळ खडाखडीतच संपणार. वाट बघत बसलं तर डाव पडून एकजण चितपट होणार आणि कॅमेरा बंदच. शिवाय पैलवान काही कॅमेऱ्यासाठी जागेवर थांबत नाहीत. दोन पावलं डावीकडे सरकले की चौकटीत नुसती माती.

समोर घडणाऱ्या गोष्टीवर आपला ताबा नाही, ती पुन्हा होणार नाही आणि आपल्याकडचं रीळ संपत चाललंय. माहितीपटवाल्याची ही अडचण सावेदादांच्या वाट्याला पहिल्याच कामात आली. तीही नट नसलेल्या, कुणाचं ऐकून न घेणाऱ्या दोन पैलवानांसमोर.

दुसरी फीत माकडांना खेळ शिकवणाऱ्या माणसाची. मग पारशी अग्यारीचं काम. हे सगळं चाललं होतं तेव्हा मुंबईत प्लेग होता. १८९६ च्या सप्टेंबरात, त्या आगगाडीच्या खेळानंतर दोनच महिन्यांत, मांडवीत तो सुरू झाला आणि वर्षानुवर्षं हटला नाही. सावेदादांच्या फितींच्या यादीत प्लेग नाही. ह्याबद्दल त्यांना आज जाब विचारणं सोपं आहे. मला तो विचारावासा वाटत नाही.

(दृश्य : गिरगाव चौपाटी.)

डिसेंबर १९०१. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे केंब्रिजहून परत आले. दापोलीजवळच्या मुर्डीचा हा मुलगा. १८९९ मध्ये गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत तो सीनियर रँग्लर झाला, म्हणजे एका गोऱ्या पोराच्या बरोबरीनं पहिला आला. असा मान मिळवणारा तो पहिला भारतीय. चौपाटीवर त्यांचं जंगी स्वागत झालं आणि सावेदादा कॅमेरा घेऊन तिथं हजर होते. भारतातला पहिला वृत्तपट म्हणून ह्याच फितीचं नाव घेतात.

कुणाचं स्वागत टिपलं, ते लक्षात घ्या. कुणा लाटसाहेबाचं नाही. गणिताच्या एका विद्यार्थ्याचं. पुढं १९०३ च्या दिल्ली दरबारात सावेदादांनी लॉर्ड कर्झनचा थाटही टिपला, पण दरबारावर इतरांचेही कॅमेरे होते. चौपाटीवर मात्र बातमी काय आहे हे ठरवणारा माणूस गिरगावच्याच हवेतला होता. जाता जाता : ह्या रँग्लरांची नात म्हणजे चित्रपट दिग्दर्शिका सई परांजपे.

(दृश्य : काळा पडदा. आवाज फक्त.)

ह्या जागी सावेदादांची फीत दिसायला हवी. आमच्यात ह्यावरून बरीच वादावादी झाली. दोन पैलवान उभे करा, तपकिरी रंग चढवा, वरून ओरखडे टाका, काम झालं. असं करणं अवघड नाही, आता तर कॅमेराही लागत नाही. पण ती क्लिप आमच्या माहितीपटात राहणार नाही. कुणीतरी ती कापून घेईल, खाली "भारताची पहिली फिल्म, दुर्मीळ फुटेज" असं लिहील आणि सकाळी ती तुमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आलेली असेल. एक गोष्ट हरवली आहे, एवढं तरी आज खरं आहे. तेही खोटं करून टाकायचं? म्हणून पडदा काळा.

(दृश्य : जुन्या फितीचा तुकडा, अगदी जवळून. कडेला फुगे आलेले, मधलं चित्र विरघळलेलं.)

फिती गेल्या कुठे, ह्याचं उत्तर त्या फितीतच आहे. त्या काळची फीत नायट्रोसेल्युलोजची. ती लवचीक व्हावी म्हणून तिच्यात चक्क कापूर घालत. एकदा पेटली की पाण्यातही विझत नाही, कारण जळायला लागणारा प्राणवायू तिच्या पोटातच असतो. हिरालाल सेन यांचा सगळा ठेवा १९१७ च्या आगीत गेला. २००३ च्या जानेवारीत पुण्यात, जुन्या प्रभात स्टुडिओच्या आवारातल्या तिजोरीत नायट्रेटच्या फितींना आग लागली आणि कितीतरी मूकपट राख झाले.

आग लागली नाही तरी ही फीत जगतेच असं नाही. दमट हवेत आधी चित्र फिकं होतं, मग फीत चिकटते, फुगे धरते आणि शेवटी डब्यात तपकिरी पूड उरते. त्यातून वाचली तर भंगारवाला होताच. काळ्यापांढऱ्या चित्रात चांदी असते. फिती धुऊन चांदी काढून घ्यायची, उरलेलं सेल्युलॉइड बांगड्यांना.

फाळक्यांच्या १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'ची काही रिळं तरी वाचली असं मानतात. आणि आपण सिनेमाची वर्षं मोजायला लागलो ती तिथूनच, गोष्टीच्या सिनेमापासून. त्याआधीचं सगळं "पूर्वतयारी" ह्या सदरात. हा मान-अपमान पुढं थिएटरातही चालू राहिला. "फिल्म्स डिव्हिजन की भेंट" अशी सरकारी माहितीपटाची पाटी पडद्यावर आली की लोक बाहेर वडे खात उभे राहायचे. मुख्य चित्रपट सुरू झाला की आत.

सावेदादांनी पुढं चित्रण सोडलं आणि बोरीबंदरसमोरचं गेइटी थिएटर सांभाळलं, जे नंतर कॅपिटॉल झालं. त्यांचा कॅमेरा श्रीनाथ पाटणकर आणि त्यांच्या साथीदारांनी घेतला. पाटणकर मूकपटांच्या जमान्यातले नावाजलेले निर्माते झाले, म्हणजे पेटी तरी कामाला राहिली. स्वतः सावेदादा १९५८ मध्ये वारले. सरकारचा माहितीपट विभाग त्याच मुंबईत १९४८ पासून चालू होता. पुण्यातलं चित्रपट संग्रहालय उघडलं १९६४ मध्ये.

(दृश्य : गिरगावातल्या एका जुन्या घराचा माळा. पत्र्याचे गोल डबे.)

तर आता एक कामाची गोष्ट. तुमच्या घरात, आजोबांच्या फोटो स्टुडिओत, बंद पडलेल्या टॉकीजच्या माळ्यावर असे डबे असतील. आतली फीत ३५ मिलिमीटरची, म्हणजे दोन बोटं रुंद असेल, १९५१ च्या आधीची असेल आणि कडेला 'सेफ्टी' हा शब्द छापलेला नसेल, तर ती नायट्रेटची समजा. अरुंद, घरगुती कॅमेऱ्याची फीत असेल तर ही भीती नाही. डबा उन्हापासून, चुलीपासून, विजेच्या बटनांपासून लांब ठेवा. प्लॅस्टिकमध्ये घट्ट बांधू नका. पूड झालेली असेल तर हातानं चिवडू नका. पुण्यात लॉ कॉलेज रस्त्यावर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, आधी त्यांना कळवा, मग डबा हलवा. आणि आत काय आहे ह्याची कितीही उत्सुकता वाटली तरी प्रोजेक्टरवर चढवून बघू नका.