चारचौघांत चार बोटांचं पातं

[दृश्य: टेबलावर एक खोकं, भोवती चार-पाच माणसं. चेहरे नाहीत, फक्त हात.]

खोक्यावर जाड टेप आहे. नखाला तिची कड सापडत नाही, किल्लीने नुसते ओरखडे उठतात. मग कुणीतरी खिशात हात घालतं, मनगटाला झटका देतं, 'खट्ट' होतं आणि पातं बाहेर येतं. टेप कापायला दोन सेकंद पुरतात. पण त्या आवाजाने खोलीतलं बोलणं थांबलेलं असतं, आणि टेप निघाली तरी ते लगेच सुरू होत नाही.

या कामाला कात्री आणली असती तर कुणी मान वर केली नसती. स्वयंपाकघरातली वीतभर सुरी आणली असती तरी चाललं असतं, कारण सुरीचं घर सगळ्यांना ठाऊक असतं. खिशातला चाकू मात्र बघणाऱ्याच्या लेखी अचानक उगवतो. तो कशासाठी निघाला हे त्याला आपलं आपण ठरवावं लागतं, आणि तेव्हा त्याच्यापुढे पुरावा एकच असतो: चाकू उघडला कसा.

चाकूच्या रीतीभातींची चर्चा निघाली की ती बहुतेकदा पात्याच्या लांबीवर घसरते. लांबीला महत्त्व आहे, कायदा ती मोजतो. पण शेजारच्या खुर्चीतल्या माणसाकडे पट्टी नसते. त्याला आवाज ऐकू येतो, हाताची चाल दिसते.

[दृश्य: लाकडी मुठीचा घडीचा चाकू, अगदी जवळून. नख खाचेत अडकतं, पातं हळूहळू वर येतं.]

खिशातल्या चाकूचा जन्म कामासाठी झाला. फ्रान्सच्या साव्वा भागात १८९० मध्ये जोसेफ ओपिनेल याने लाकडी मुठीचा, शेतकऱ्याच्या खिशात मावेल असा साधा चाकू बनवला. त्याच सुमारास शेजारच्या स्वित्झर्लंडच्या सैन्यालाही घडीचा चाकू हवा होता. शिपायांना डबाबंद अन्न मिळायचं, तो डबा उघडायला काहीतरी पाहिजे होतं. आणि नवी रायफल सुटी करायला पेचकस लागायचा. १८९१ पासून कार्ल एल्सनर हे चाकू पुरवू लागला. पातं, भोकं पाडायची आरी, डबा उघडायचं साधन आणि पेचकस, एवढाच त्याचा संसार. १८९७ मध्ये एल्सनरने अधिकाऱ्यांसाठी हलका चाकू नोंदवला, त्यात बाटलीचं बूच काढायचा स्क्रूही आला. लढायचं यात काहीच नव्हतं. लढायला शिपायाकडे रायफल होती.

अशा जुन्या घाटाच्या चाकूला पात्याच्या पाठीशी एक बारीक खाच असते. तिच्यात नख अडकवायचं आणि पातं ओढायचं. बहुतेकांच्या मुठीतली स्प्रिंग पात्याच्या बुडाला दाबून धरते, त्यामुळे ते जरा जिवावर आल्यासारखं उघडतं आणि मग जागेवर बसतं. या सगळ्यात दोन्ही हात गुंततात, डोळे खाली हातांकडे जातात, दोन-तीन सेकंद मोडतात. चाकूचे शौकीन याला गैरसोय म्हणतात. चारचौघांत मात्र याच्याइतका उपयोगी गुण दुसरा नाही. दोन्ही हात अडकलेल्या, मान खाली घालून नखाशी झटापट करणाऱ्या माणसाची कुणाला भीती वाटेल?

अलीकडच्या चाकूंना पात्यावर खुंटी असते किंवा गोल भोक असतं, अंगठ्याने ढकललं की पातं फिरतं. काहींना मागे छोटं शेपूट असतं, बोटाने दाबलं की पातं उडून उघडतं. या सोयीची गरज खरी आहे. कड्यावर दोराला लटकलेल्या किंवा डुलत्या होडीत शीड धरून उभ्या असलेल्या माणसाला दुसरा हात मोकळा नसतो. खोक्यापुढे उभ्या माणसाचे मात्र दोन्ही हात मोकळे असतात. आणि एका हाताने उघडणारा चाकूसुद्धा हळू उघडता येतो: अंगठा खुंटीवरून न काढता पातं शेवटपर्यंत नेलं की आवाज जवळजवळ होतच नाही. पण अनेकांना ते करायचंच नसतं, कारण त्या 'खट्ट'मध्ये मजा आहे. ती घरी, एकट्याने घ्यावी.

[दृश्य: मुठीवरचं धातूचं कडं फिरतं आणि पातं जागी अडकतं.]

कायद्यांनीही उघडण्या-मिटण्याच्या तऱ्हेवर नजर ठेवली आहे. ब्रिटनच्या १९८८ च्या क्रिमिनल जस्टिस ॲक्टनुसार घडीच्या चाकूची धार तीन इंचांपेक्षा लांब नसेल, तर तो सार्वजनिक ठिकाणी बाळगायला कारण द्यावं लागत नाही. पण उघडल्यावर पात्याला कुलूप बसत असेल, म्हणजे अडकण काढल्याशिवाय ते मिटत नसेल, तर तिथली न्यायालयं त्याला घडीचा चाकू मानतच नाहीत. मग पातं कितीही छोटं असो, योग्य कारण दाखवावं लागतं. यातली विसंगती अशी की कापणाऱ्याच्या बोटांना कुलूपाचा चाकूच जास्त सांभाळतो. साध्या स्प्रिंगचं पातं चुकीच्या दिशेने जोर पडला की मिटतं, आणि मिटताना समोर बोट आहे का हे बघत नाही. ओपिनेलच्या मुठीवर १९५५ मध्ये फिरतं कडं आलं ते हे टाळण्यासाठीच. त्याच कड्यामुळे तो ब्रिटनमध्ये दुसऱ्या गटात जाऊन बसतो.

जर्मनीने २००८ मध्ये, एका हाताने उघडणारे आणि उघडल्यावर कुलूप बसणारे चाकू योग्य कारणाशिवाय जवळ बाळगायला बंदी केली. स्विस सैन्याचा २००८ चा नवा नमुना नेमका असाच आहे: एका हाताने उघडतो, उघडल्यावर पक्का बसतो. शिपायासाठी निवडलेली तीच सोय सीमेपलीकडे सहलीला आलेल्या माणसाला अडचणीत आणू शकते. प्रवासात चाकू नेणाऱ्याने जायच्या गावाचा नियम आधी वाचावा, एवढंच यावर सांगता येतं. घरचा नियम बाहेर चालेल असं धरून चालणारे पुष्कळ भेटतात.

जपानचा एक कायदा मला जास्त बोलका वाटतो. किरकोळ गुन्ह्यांविषयीचा हा १९४८ चा कायदा. योग्य कारणाशिवाय घातक ठरू शकेल असं धारदार हत्यार लपवून बाळगणं हा त्यात गुन्हा आहे. मोजपट्टी इथे बाजूलाच राहते. प्रश्न दोनच, लपवलं होतं का आणि का.

चाकू बाळगणारे सर्वांत जास्त गोंधळतात ते इथेच. लोकांना दचकवायचं नाही हे पटलं की माणूस चाकू टेबलाखाली उघडतो. जाकिटाच्या आत हात घालून कापतो. कुणी पाहत तर नाही ना, म्हणून आधी इकडेतिकडे बघून घेतो. बघणाऱ्याच्या डोळ्यांना यातली एकेक हालचाल उघड्या पात्यापेक्षा वाईट दिसते. दचकू नये म्हणून केलेली चोरटी हालचालच दचकवते. करायचं ते समोर, शांतपणे आणि कामाच्या जवळ. कापायची वस्तू आधी टेबलावर घ्यावी, मग चाकू काढावा. म्हणजे तो कशासाठी निघाला हे निघण्याआधीच कळलेलं असतं. हा क्रम छोटा आहे, पण फरक फार पडतो.

"चाकूने कापू का?" हे तीन शब्दही पुष्कळ काम करतात. विचारताना चाकू खिशातच असावा. उघडं पातं हातात धरून परवानगी मागितली तर नाही म्हणायला कोण धजेल?

[दृश्य: वरून घेतलेलं चित्र. फळ कापणारे हात, बाजूला मिटलेला चाकू.]

कापताना कोपर अंगाशी, पातं खाली, टोक माणसांपासून दूर. गर्दी असेल तर थोडं वळावं, पाठ फिरवू नये. आणि कापता कापता बोलू नये, म्हणजे हात हलवून बोलू नये. गप्पा रंगल्या की माणूस हातात काय आहे ते विसरतो, आणि मग एखादा मुद्दा चार बोटांच्या पात्याने हवेत ठासून सांगितला जातो. बोलायचं असेल तर चाकू मिटावा. दोन कापांच्या मध्ये वेळ जाणार असेल तरी मिटावा. उघडा चाकू टेबलावर ठेवणं ही सगळ्यात जास्त आढळणारी आणि सगळ्यात कमी टोकली जाणारी चूक आहे. तो घरंगळतो, कागदाखाली जातो, कुणाचा तरी हात त्यावर पडतो.

धारेबद्दल एक गोष्ट. चारचौघांत वापरायचा चाकू बोथट बरा, असं काहींना वाटतं. बोथट पात्याला जोर लावावा लागतो, जोर लावला की हात निसटतो, आणि खोक्याशी चाललेली ती कुस्ती बघायला सगळे जमतात. धारदार चाकू एका ओढीत काम करून खिशात परत जातो.

दुसऱ्याला चाकू देण्याची रीत स्काउट मंडळींनी नीट बसवली आहे. घडीचा चाकू मिटूनच द्यायचा. म्यानातला, न मिटणारा चाकू द्यायचा झाला तर मूठ पुढे, धार कुणाच्याही तळव्याकडे नाही; आणि घेणारा "थँक यू" म्हणेपर्यंत हात सोडायचा नाही. हे आभार शिष्टाचारापुरते नसतात, 'माझी पकड बसली' असा तो निरोप असतो. कापायला सुरुवात करण्याआधी हात लांब करून स्वतःभोवती फेरा मारून बघायचा. कुणी त्या टप्प्यात येत असेल तर थांबायचं. अमेरिकेतल्या स्काउटांना हे शिकल्यावर 'टोटिन चिप' नावाचं कार्ड मिळतं, आणि नियम मोडला की कार्डाचा एक कोपरा कापायची अनेक स्काउट पथकांत प्रथा आहे. चारही कोपरे गेले की कार्ड गेलं. मोठ्यांनाही असं कार्ड असतं तर अनेकांच्या हातात आज एखादाच कोपरा उरला असता.

मागून घेतलेल्या चाकूने काय करू नये हेही यातच येतं. झाकण उचकटू नये, पेच फिरवू नये. टोक मोडतं आणि चाकू दुसऱ्याचा असतो. परत देताना पुसून द्यावा.

[दृश्य: विमानतळावरचा तपासणीचा पट्टा. ट्रे पुढे सरकतात.]

लोकांची भीती उगाच आहे, असं चाकूवाले तावातावाने सांगतात. ती उगाच नाही. २००१ च्या सप्टेंबरमधल्या हल्ल्यांत विमानं ताब्यात घेणाऱ्यांनी छोटी पाती वापरली होती. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा यंत्रणेने मार्च २०१३ मध्ये सहा सेंटिमीटरपर्यंतचे छोटे चाकू पुन्हा विमानात नेऊ द्यायचं जाहीर केलं. विमानातल्या कर्मचाऱ्यांनी कडाडून विरोध केला आणि जूनमध्ये निर्णय मागे घेतला गेला. जर्मनीतलं झोलिंगेन हे शहर शतकानुशतकं पाती घडवतं, त्याचं नाव पात्यावर कोरलेलं असणं हीच गुणवत्तेची खूण. ऑगस्ट २०२४ मध्ये तिथल्याच उत्सवात चाकूहल्ला झाला, तीन माणसं गेली, आणि त्याच वर्षी देशाने चाकूंचे नियम आणखी आवळले. शेजारी बसलेला माणूस हे सगळं डोक्यात घेऊन बसलेला असतो. तुमचा चाकू सफरचंदासाठी आहे, हे फक्त तुम्हाला ठाऊक असतं.

पोलिसाने विचारलं, तर 'आहे, उजव्या खिशात' एवढं सांगावं आणि हात दिसतील असे ठेवावेत. दाखवायच्या उत्साहात खिशात हात घालू नये. 'कशासाठी?' याचं उत्तर खरं आणि साधं असावं. 'स्वसंरक्षणासाठी' म्हणणाऱ्याला वाटतं आपण जबाबदारीने बोलतोय. पण त्या क्षणी त्याने आपल्या अवजाराला स्वतःच्या तोंडाने हत्यार म्हटलेलं असतं. ब्रिटनमध्ये तर हे सर्वसाधारणपणे योग्य कारण म्हणून धरतही नाहीत.

कारखान्यांनाही वारं कळलं आहे. एल्सनरची कंपनी, म्हणजे आजची व्हिक्टोरिनॉक्स, पातं नसलेल्या खिशातल्या अवजारांवर काम करत असल्याचं २०२४ मध्ये जाहीर झालं. पेचकस, कात्री, बाटली उघडायचं साधन, फक्त पातं नाही. जुने गिऱ्हाईक यावर नाराज झाले. पण ज्याचं रोजचं काम टेप आणि पाकिटं यापुढे जात नाही, त्याला छोटी कात्री खरोखर पुरते. फळ कापायचं असेल तर नाही पुरत.