गोळेवाल्याचा बर्फ आणि जर्मन आइसव्हाइन

निफाडकडे कडाक्याची थंडी पडली की द्राक्ष बागायतदार रात्रभर बागेत शेकोट्या पेटवतात. मण्यांना तडे गेले तर वर्षाची मेहनत मातीत. जर्मनीतले काही बागायतदार मात्र आइसव्हाइन नावाच्या वाइनसाठी नेमकी हीच थंडी मागत बसतात. बाकीची तोडणी शरदात उरकते, पण थोडे घड मुद्दाम वेलीवर ठेवतात, पाखरांपासून जपायला जाळी लावतात आणि पारा उणे ७ अंशांपर्यंत उतरायची वाट बघतात. ती अट कायद्यातली आहे. द्राक्षं वेलीवरच गोठली पाहिजेत, फ्रीजरमध्ये गोठवून ‘आइसव्हाइन’ हे नाव बाटलीवर लावता येत नाही. (हो, जर्मन उच्चार ‘व्हाइन’च.)

तोडणी रात्री किंवा पहाटे, ऊन चढायच्या आत. मणी गोट्यांसारखे टणक, बादलीत पडले की खडखडतात. तसेच गोठलेले ते प्रेसमध्ये, म्हणजे दाबून रस काढायच्या यंत्रात, जातात.

आता बर्फाचा गोळा आठवा. दोन-चार वेळा जोरात ओढला की रंग आणि सरबत तोंडात येतं, काडीवर उरतो तो पांढरा, बेचव बर्फ. प्रेसमध्ये हेच घडतं. पाणी बर्फ होऊन मागे राहतं आणि मधासारखा दाट रस सावकाश ठिबकतो. एरवी निघाला असता त्याच्या फार थोडाच, म्हणून बाटल्याही बहुधा ३७५ मिलीच्या, आणि किंमत ऐकून घसा कोरडा पडतो.

लोक म्हणतात, गोड वाइन. मला ते अर्धंच वाटतं. साखरेबरोबर आंबटपणाही आटून चांगलाच वाढलेला असतो, आणि मजा त्यात आहे. रीसलिंग हे द्राक्षाचं मुळात आंबट वाण, म्हणून ते इथे शोभतं. जर्दाळू, पीच, मध, लिंबाची साल, कधी अननस. आणि घोट गिळल्यावर जीभ चिकट राहत नाही, स्वच्छ होते. अल्कोहोल पुष्कळदा ७ टक्क्यांच्या आसपासच.

सोबत काय खायचं? आपल्याला ठाऊक आहेच, जिलेबी खाल्ल्यावर चहा अगोड लागतो. इथेही तेच. पदार्थ वाइनपेक्षा गोड असला की वाइन बिचारी लिंबूपाणी होते. गुलाबजाम बाद. चॉकलेटही नको, ते सगळ्यावर बसतं. जर्दाळूचा किंवा सफरचंदाचा कमी साखरेचा टार्ट चालतो. पण माझं मत विचाराल तर गोड सोडा, खारट निळं चीज (निळ्या बुरशीचं, ब्लू चीज) घ्या. मीठ लावलेल्या अननसाची फोड ज्यांना आवडते त्यांना वेगळं समजवायला नको.

ही वाइन सापडली तीही गुरांमुळे, असं सांगतात. जर्मनीतल्या ऱ्हाइनहेसन या वाइन-प्रदेशातल्या ड्रोमर्सहाइम गावात १८२९ ची द्राक्षं इतकी सुमार होती की वेलीवरच सोडली होती. ११ फेब्रुवारी १८३० ला जनावरांच्या चाऱ्यासाठी ती तोडायला गेले, तेव्हा रस किती गोड आहे हे कळलं. आजही जानेवारी-फेब्रुवारीत तोडणी झाली तरी बाटलीवर आधीचंच वर्ष लागतं. २०१९ चं मात्र लागलंच नाही. त्या हिवाळ्यात जर्मनीच्या एकाही वाइन-प्रदेशात हवी तितकी थंडी पडली नाही.

कधी ही वाइन समोर आली, तर ग्लास उचला. फार गार वाटत असेल तर तळव्यात दोन मिनिटं धरा, वास मोकळा होईल. आणि चीज आधी खाऊ नका, पहिला घोट कोराच घ्या.