मावशीच्या आरशामागची ट्यूब

ही ट्यूब बघा. खालून घट्ट गुंडाळत आणलेली, टूथपेस्ट संपत आली की आपण करतो ना अगदी तशी. माझ्या मावशीच्या आरशामागच्या फळीवर सापडली, आणि तिच्या मागे अशाच अजून चार रिकाम्या ट्यूबा.

मावशी तालुक्याच्या गावाला राहते. गालांवर वांगाचे डाग आले होते, शेजारच्या काकूंनी सांगितलं की मेडिकलमधे एक क्रीम मिळते, आठ दिवसात फरक पडतो. आणि खरंच पडला हो! चेहरा असा उजळला की भाचीच्या लग्नात जो तो विचारत होता काय लावतेस गं, आणि मावशीने मोठ्या आनंदाने अजून तिघींना नाव सांगितलं.

पुढचं कुणीच सांगितलं नव्हतं. चार-पाच महिन्यांनी एक दिवस जरी क्रीम चुकली तरी चेहरा लालबुंद, चुलीपुढे बसल्यासारखी आग, हनुवटीवर पुटकुळ्या, गालावर दोऱ्यासारख्या बारीक तांबड्या शिरा आणि कानशिलाजवळ लव वाढलेली. तिला वाटायचं क्रीम बंद केली म्हणून होतंय, मग परत लावायची, लावली की शांत, म्हणून परत लावायची.

आता ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचू. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन, मोमेटासोन. पहिलं त्वचेतला रंग तयार व्हायचं काम रोखतं, दुसरं वरच्या पेशी भराभर बदलायला लावतं, आणि तिसरं स्टेरॉइड, म्हणजे लाली आणि सूज दाबणारं औषध. अमेरिकेतल्या क्लिगमन आणि विलिस या डॉक्टरांनी 1975 मधे असंच तीन औषधांचं मिश्रण मांडलं होतं, काळ्या डागांवर. म्हणजे हे औषध आहे, वांगावरचं चांगलं औषध आहे, पण काही आठवडे, डॉक्टरांच्या नजरेखाली. रोज रात्री पावडरीसारखं लावायची वस्तू नाही ही.

आणि तो आठ दिवसातला उजळपणा? स्टेरॉइड किती तगडं आहे हे मोजायची एक टेस्ट 1962 पासून वापरात आहे, हातावर लावायचं आणि तिथली कातडी किती पांढरी पडते ते बघायचं. रक्तवाहिन्या आकसतात म्हणून ती पांढरी पडते. मावशीच्या चेहऱ्यावर नेमकं हेच चाललं होतं आणि आम्ही सगळे त्याला ग्लो म्हणत होतो. आत मात्र कातडी पातळ होत होती, आणि क्रीम थांबली की आकसलेल्या त्याच शिरा दुप्पट जोराने फुगायच्या.

मावशी एकटी नाही. देशभरातल्या 12 ठिकाणच्या त्वचारोगतज्ज्ञांनी मिळून 2926 पेशंट तपासले होते, 2011 मधे ते छापून आलं, त्यातले 433 जण चेहऱ्यावर स्टेरॉइड लावत होते. 2018 मधे सरकारने 14 स्टेरॉइड क्रीम डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. तरी मावशीला पाचही ट्यूबा नुसतं नाव सांगून मिळाल्या, आणि याचा मला आजही राग येतो. गजकर्णावर लोक स्टेरॉइड मिसळलेली मिक्स क्रीम लावतात त्याचंही हेच, स्टेरॉइडने खाज थांबते, वाटतं बरं झालं, आणि बुरशी खालून आरामात पसरत राहते.

बाकीचं घरातच होतं. मावशी रोज लिंबू चोळायची चेहऱ्यावर, आपल्या त्वचेचा पीएच (आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण 5 आणि लिंबाचा 2 च्या आसपास, त्यात आधीच पातळ झालेली कातडी. वर दगडाने घासणं. दुपारी गच्चीवर वाळवण, संध्याकाळी गॅससमोर भाकऱ्या, आणि वांग ऊन आणि धग दोन्हीने वाढतं. एवढंच काय, डोळ्यांना दिसणाऱ्या साध्या उजेडानेही ते गडद होतं, म्हणून डॉक्टरांनी तिला टिंटेड, म्हणजे त्वचेच्या रंगाची छटा असलेलं सनस्क्रीन दिलं, त्यात आयर्न ऑक्साइड असतं, ते हा उजेड अडवतं.

क्रीम सोडल्यावरचे पहिले वीस दिवस फार वाईट गेले. मावशी डोक्यावरून पदर ओढून बसायची, दाराशी कुणी आलं तर आत जायची. गार पाण्याच्या घड्या, साधं मॉइश्चरायझर आणि डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या, बाकी लिंबू बिंबू सगळं बंद. आग कमी व्हायला दोन महिने लागले.

आज सात महिने झालेत. सकाळचे नऊ वाजलेत, मावशी कुरडया घालायला गच्चीवर निघालीय आणि जायच्या आधी आरशासमोर उभी राहून दोन बोटांवर सनस्क्रीनची रेघ ओढतेय, डॉक्टरांनी दाखवली तेवढीच, मग मानेपर्यंत पसरवून लावते. वांग फिकं झालंय, गेलेलं नाही. शिरा अजून दिसतात.

त्या तिघींना तिने स्वतः फोन केले. दोघींनी क्रीम थांबवली. तिसरी म्हणाली, मला तर मस्त सूट होतेय गं. मावशी परवा तिच्याकडे जाणार आहे, ही ट्यूब पिशवीत घालून आणि तोंडाला काहीही न लावता.