कूलर, बादली आणि हशाची जागा

संध्याकाळचे सात. नागपूरच्या महाल भागातला शाळेचा एक वर्ग, तिथे हौशी गटाच्या नाटकाची तालीम. बाकं भिंतीला सरकवलेली, मधोमध पत्र्याचा जुना कूलर. उचलायला हलका व्हावा म्हणून आतली मोटर आणि पंप काढून घेतलेत. त्याची घरघर प्रयोगात स्पीकरवरून येईल आणि संवाद सुरू झाले की हळूहळू खाली उतरेल.

नाटक पेटतं ते याच कूलरवरून. भर मे महिना, वाड्यात नळ एकच आणि पाण्यावर टपलेले दोन सख्खे भाऊ. संहिता कोरी करकरीत, गटातल्याच लेखकाची, भाषा अस्सल नागपुरी. “काऊन बे, माही बादली कोनं नेली?” विंगेतून आवाज येतो आणि पहिली एन्ट्री होते.

नाटककार पुरुषोत्तम दारव्हेकरांनी ‘रंजन कला मंदिर’ ही नाट्यसंस्था उभी केली ती याच शहरात. आजही इथे दिवसभर बँकेत, दुकानात, शाळेत राबून माणसं तालमीला येतात.

विनोदी नाटकाची तालीम भारी अवघड. चार दिवसांत सगळ्यांना सगळं पाठ होतं, मग कुणी हसत नाही. प्रेक्षक मात्र हसणार. हशा ओसरायच्या आत पुढचं वाक्य टाकलं, तर ते कुणालाच ऐकू जात नाही. वाट पाहिली आणि हशा आलाच नाही, तर प्रसंग पडतो. म्हणून विंगेतून वाक्यं सुचवणाऱ्या प्रॉम्प्टरच्या वहीत लाल पेन्सिलीने हशाच्या जागा मांडल्यात. तिथे धाकटा भाऊ बादली उचलतो. हशा आला तर सावकाश, नाही आला तर झटक्यात. अंदाज चुकू नये म्हणून दोन्ही तऱ्हा घोटून घेतल्या जातात. एवढी मेहनत बघितली की वाटतं, हौशी म्हणून यांचं नुसतं कौतुक नको, तिकीट काढून नाटक बघायला जावं.

नाटकाची संहिता तपासणाऱ्या परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र हाती येतं, तारीख ठरते. लक्ष्मीनगरचं सायंटिफिक सभागृह. नटराजपूजन, नारळ, तिसरी घंटा.

पहिला मोठा हशा येतो तो वहीत खूण नसलेल्या जागी. बंद पडलेल्या कूलरला मोठी वहिनी पदराने वारा घालते. तोंडातून शब्द नाही. सभागृह खळाळून हसतं. धाकटा भाऊ पुढचं वाक्य गिळून जागीच थांबतो, हशा पुरता ओसरू देतो.

मध्यंतरात दिग्दर्शक वहिनीला एवढंच सांगतो, “ताई, पुढच्या प्रयोगात वारा अजून थोडा वेळ घाला.”